गिरगावातलं आंतरराष्ट्रीय मंडळ

जगातल्या यच्चयावत कालगणनांचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाचं मुख्य कार्यालय एकेकाळी गिरगावातल्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, नळाच्या बाजूच्या खोलीत होतं, असं आता कुणाला सांगितलं तर समोरचा माणूस माझ्याकडे काळजीनं बघतो. मग मीही फार खोलात जात नाही. दमायला होतं. पण ते होतं, मी त्याचा सहचिटणीस होतो आणि चिटणीस सर होते, हे खरं आहे.

सर गिरगावातल्याच एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. मी परळच्या शाळेत गणित शिकवत होतो आणि लालबागला राहत होतो. संक्रांतीची तारीख हळूहळू पुढे का सरकते, यावर सरांचं एका वाचनालयात व्याख्यान होतं. व्याख्यान संपल्यावर मी एक प्रश्न विचारला. आयुष्यात माणसानं काही प्रश्न मनातच ठेवायचे असतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं. सर माझ्याबरोबर जिना उतरले, ट्रामच्या थांब्यापर्यंत आले आणि म्हणाले की, प्रश्न विचारलात म्हणजे तुम्हाला वेळ आहे. पुढच्या रविवारी मी सहचिटणीस झालो होतो. पुढची काही वर्षं माझे बहुतेक रविवार त्या खोलीत गेले. माझी बायको मंडळाचा उल्लेख ‘तुमची ती’ असा करायची.

सरांना साल विचारणं हा चाळीत थट्टेचा विषय होता. कुणी विचारलं की ते आधी ‘कुठलं?’ असं विचारायचे, आणि ते विनोदानं विचारत नसत. पत्राच्या डोक्यावर ते पाच तारखा घालायचे: इसवी, शके, हिजरी, पारशी आणि यहुदी. तेवढ्यात कागदाचा वरचा भाग संपायचा. नव्या वर्षाच्या शुभेच्छा ते वर्षातून इतक्यांदा द्यायचे की, लोक त्यांना बघून सवयीनंच ‘तुम्हालाही’ म्हणायचे. वय मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. चांद्रवर्षानं माणूस लवकर म्हातारा होतो, एवढंच म्हणायचे.

त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, या सगळ्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांचं वर्ष एका लोणच्यापासून दुसऱ्या लोणच्यापर्यंत असायचं आणि ते अगदी बिनचूक संपायचं. सर त्यांच्यापुढे कालगणनेचा विषय काढत नसत.

सरांचं एक लाडकं वाक्य होतं. माणसं तारखांवरून भांडतात तोवर बरं, कारण तारखांवरून कुणाचं डोकं फुटत नाही. ते ऐकलं की मला कंटाळा यायचा. पुढे त्या वाक्याची मला आठवण यायची, तेव्हा मात्र वाईट वाटायचं.

मंडळ गिरगावात आलं ते तात्पुरतं. युरोपातली लढाई तोंडावर आली होती. मंडळाचे अध्यक्ष तिकडचे एक वृद्ध ज्योतिर्विद होते, आणि आपल्या शहराचं काय होणार ते त्यांना दिसत होतं. थोडे दिवस कार्यालय कोण सांभाळेल, असं त्यांनी सगळ्या सभासदांना लिहून विचारलं. विद्वान मंडळी उत्तराच्या बाबतीत सावकाश असतात. सरांनी मात्र पत्र आलं त्याच दिवशी होकार टाकला, कारण ते प्रत्येक पत्राचं उत्तर त्याच दिवशी टाकायचे. मग बोटीनं एक मोठी लाकडी पेटी आली. तीत मंडळाची घटना, सभासदांचे पत्ते, मंडळाच्या मासिकाचे जुने अंक आणि शिक्का होता. अध्यक्ष काही लढाईतून वाचले नाहीत. पेटी राहिली. काकूंनी तिच्यावर गोधड्यांची चळत रचली.

मंडळाचा पैसा तिकडच्या एका पेढीत अडकला होता. सर तिला पत्र लिहायचे आणि ती पेढी अत्यंत सभ्य भाषेत नकार द्यायची. त्यामुळे मंडळ चालायचं ते सरांच्या पेन्शनवर आणि शिकवण्यांवर. काकू यावर बोलत नसत, फक्त पाहुण्यांच्या चहात दूध कमी घालायच्या. मी एकदा सरांना म्हटलं की, लढाई संपून इतकी वर्षं झाली, द्या की हे परत त्यांच्या गळ्यात. सर म्हणाले, ‘मास्तर, त्या माणसानं मला मंडळ जिवंत दिलं. घ्यायला कुणी येईल तेव्हा मी ते जिवंतच परत देणार. ते माझ्या हातून जाता कामा नये.’ यानंतर मी तो विषय काढला नाही.

मंडळ जिवंत ठेवण्याची अट घटनेत लिहिलेली होती. प्रत्येक वर्षी एक सभा व्हायला हवी आणि तिला किमान तीन राष्ट्रांचे सभासद जातीनं हजर हवेत. तसं झालं नाही तर मंडळ बरखास्त, आणि सगळे कागद युरोपातल्या एका बड्या महासंघाकडे जमा. त्या महासंघाच्या तळघरात अशी अनेक मंडळं कपाटांत बंद होऊन पडली होती, आणि सरांना त्या तळघराची धास्ती होती.

तर ही तीन राष्ट्रं दरवर्षी त्या खोलीत भरायची. भारतातर्फे सर आणि मी. इराणतर्फे परळच्या एका हॉटेलाचे मालक. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. जन्म तिकडचा, कागदपत्रं तिकडची, आणि गल्ल्यावर बसल्या बसल्या इराणी सौरवर्ष इतकं सोपं करून सांगायचे की गिऱ्हाईक सुटे पैसे घ्यायला विसरायचं. तिसरे होते प्रोफेसर. ते मूळचे गोव्याचे, दादरला चर्चजवळ राहायचे आणि कॉलेजात लॅटिन शिकवायचे. कुठल्याही वर्षाचा ईस्टर ते बोटांवर मोजून सांगत. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता, त्यामुळे प्रोफेसर कागदोपत्री पोर्तुगालचे. पोर्तुगाल त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

सभेसाठी खुर्च्या शेजाऱ्यांकडून यायच्या. काकू पोहे करायच्या. मी अहवाल वाचायचो, प्रोफेसर ठराव मांडायचे, शेठ अनुमोदन द्यायचे. मग अधिक मास आणि लीप वर्ष यांत श्रेष्ठ कोण, यावर तिन्ही राष्ट्रांचं जुंपायचं, ते शेजारी खुर्च्या मागायला येईपर्यंत.

त्या वर्षी सभा नोव्हेंबरात ठेवली होती. मुंबई कुणाची, हा प्रश्न तेव्हा चाळीचाळीत पेटला होता. सरांनी सभेचा दिवस ठरवला आणि नेमका त्याच दिवशी शहराचा व्यवहार बंद पडला. गिरण्या बंद, ट्रामा बंद. फोर्टात मोर्चावर गोळ्या झाडल्याची बातमी दुपारनंतर चाळीत आली. आम्ही चौघांपैकी तिघं जमलो होतो. मी लालबागहून चालत आलो होतो. शेठ हॉटेलाला कुलूप लावून, गल्लीबोळांतून वाट काढत, हातात खारीचा पुडा घेऊन परळहून पायी आले होते. प्रोफेसरांचा गुडघा दुखरा. ते निघाले होते, पण वाटेतूनच त्यांना परत फिरावं लागलं. सर खिडकीशी उभे राहून खालच्या रस्त्याकडे बघत होते. शेठ म्हणाले, ‘सरजी, आज कोण नाय येनार. तुमी बसा जरा.’ सर बसले. काकूंनी पोहे तिघांत वाटले.

डिसेंबरात पुन्हा बोलावणं काढलं. तेव्हा प्रोफेसर आईच्या आजारपणासाठी गोव्याला गेले होते. सरहद्दीवर सगळीच अडवाअडवी चालली होती, त्यामुळे ते लांबच्या वाटेनं परत आले ते जानेवारी उजाडल्यावर. आणि जानेवारीत मुंबईत जे झालं, ते नोव्हेंबरापेक्षा वाईट होतं. आमच्या बाजूच्या, गिरगावातल्या, दादरच्या, सगळ्याच वस्त्यांत माणसं मेली. सभेचं नाव काढायचीही लाज वाटत होती.

अशात महासंघाचं पत्र आलं. वर्ष एकतीस डिसेंबरला संपलं असून सभा झालेली नाही, तरी मंडळ बरखास्त समजून पेटी पाठवून द्यावी. सरांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. मला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं झालं. गोळीबाराच्या त्या दिवसांत लीप वर्षाची चिंता वाहण्याचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. सरांनी चष्मा काढला आणि विचारलं, ‘कुठलं वर्ष?’

मग त्यांनी काकूंच्या गोधड्या उतरवून पेटीतून घटना काढली. कलम सरळ होतं: ‘प्रत्येक वर्षी एक सभा’. कुठलं वर्ष, ते लिहिलेलंच नव्हतं. ज्या विद्वानांनी वर्ष कधी सुरू होतं आणि कधी संपतं या वादात आपली हयात घालवली, त्यांनी एकत्र बसून घटना लिहिली, मासिकाच्या मुखपृष्ठावर कुणाचं नाव आधी यावं यावर दिवसचे दिवस घातले, आणि वर्ष कुठलं ते लिहायचं राहून गेलं. सरांना यात काही आश्चर्य वाटलं नाही. प्रत्येकानं आपलंच वर्ष धरलं असणार, असं ते म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी परिपत्रक लिहायला घेतलं. महासंघाच्या मते मंडळाचं वर्ष एकतीस डिसेंबरला संपतं. सभासदांना हे मान्य आहे काय? आलेली मतं मासिकात छापण्यात येतील. काकू आत तांदूळ निवडत होत्या. त्या आतूनच म्हणाल्या की, वर्गणी न देणाऱ्यांची मतं फुकट कशाला छापायची. सरांनी क्षणभर विचार केला आणि तसं एक वाक्य खाली घातलं. माझ्या मते मंडळाच्या इतिहासातलं ते सगळ्यात विद्वत्तापूर्ण वाक्य होतं.

पुढे जे झालं ते मी आजवर कुठल्याही संस्थेत पाहिलेलं नाही. लढाईपासून ज्यांचा पत्ता नव्हता, जे गेले असं धरून आम्ही मासिक पाठवणं बंद केलं होतं, ते सभासद उठून बसले. जेरुसलेमहून एकानं लिहिलं की वर्ष शरदातच संपलं, महासंघ झोपला होता काय. कैरोहून आलं की चंद्र बघितल्याशिवाय कुठलंही वर्ष संपत नाही. आदिस अबाबाच्या एका पाद्र्यानं नम्रपणे कळवलं की, आमची गणना तुमच्या सात-आठ वर्षं मागे, आमच्याकडे ते वर्ष अजून उजाडलेलंच नाही. महासंघाचे खुद्द अध्यक्ष आमच्या मंडळाचे जुने सभासद होते. त्यांनी व्यक्तिशः लिहिलं की महासंघाचं मत त्यांना मान्य नाही. आणि प्रत्येकानं, आपलं मत छापून यावं म्हणून, थकलेली वर्गणी भरली. पोस्टमननं काकूंना विचारलं की घरात लग्न काढलंय का. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच छापखान्याचं देणं फिटलं आणि चहाचा रंग बदलला.

महासंघ नरमला. शके संपेपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, सभा घ्यायला त्यानं सवलत दिली. फाल्गुनातला एक रविवार ठरला. सर त्या आठवड्यात इतके आनंदात होते की, मला त्यांच्याकडे बघून दमायला झालं.

त्या दिवशी प्रोफेसर वेळेआधी आले. शेठ यायचे होते. मी खुर्च्या लावत होतो. प्रोफेसर दारातच उभे राहिले, आत येईनात. आपण पोर्तुगीज नागरिकत्व सोडत आहोत, भारताचं मिळावं म्हणून अर्ज दिला आहे, असं त्यांनी सरांना सांगितलं. सरांच्या हातात शिक्का होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि विचारलं की मंजुरी आली का. नाही आली, प्रोफेसर म्हणाले. मग आजचा दिवस तुम्ही पोर्तुगालचेच, सर हळूच म्हणाले, म्हणजे तीन राष्ट्रं होतात.

प्रोफेसर भिंतीला टेकले. ‘सर, जानेवारीत माझ्या वर्गातला एक मुलगा गोळी लागून गेला. लॅटिनात कच्चा होता, मी त्याला रोज रागवायचो. त्याच्या मागून आम्ही सगळे स्मशानात गेलो. मी तिथं कोण म्हणून उभा होतो? हा कागद सोडला तर आईला भेटायला जाणं होईल का, ते मला ठाऊक नाही. तरी सोडला. तुम्ही म्हणाल तर सही करतो मी, पोर्तुगालतर्फे. तुमच्यासाठी करीन.’

मला वाटलं, आता सर बोलतील. अर्ज आणि मंजुरी यांच्या मधल्या काळात माणूस कुठल्या राष्ट्राचा, यावर सर तासभर बोलू शकले असते आणि जिंकलेही असते. वर्षाला त्यांनी दोन्ही बाजूंनी धरून किती ताणलं होतं ते मी बघितलं होतं. पेटी समोर उघडी होती. मला त्या क्षणी मंडळ जगावं असं मनापासून वाटलं, हे माझं मलाच नवल.

‘नका करू सही,’ सर म्हणाले. ‘आत या. पोहे निवताहेत.’

शेठ आले, सभा झाली. सरांनी स्वतःच्या हातानं कार्यवृत्त लिहिलं: हजर राष्ट्रं दोन, भारत आणि इराण. भारताचे सभासद तीन. शेठनी ते वाचून सरांच्या पाठीवर हात ठेवला आणि ते निघाले. सरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या सभासदांना खरं ते कळवलं. त्यानंतर पंधराएक दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. मी रविवारी जायचो, आम्ही समोरासमोर बसायचो. काकू मला दारापर्यंत पोचवायला यायच्या आणि डोळ्यांनीच पुढच्या रविवारी या म्हणायच्या.

मग उत्तरं यायला लागली. मंडळ बरखास्त झालं, याबद्दल सर्वांनी मनापासून दुःख व्यक्त केलं होतं. प्रश्न फक्त एकच होता: ते नेमकं कधी बरखास्त झालं? एकतीस डिसेंबरला, तर मग त्यानंतर घेतलेल्या वर्गण्यांचं काय? शरदात, तर मग परिपत्रक काढलं कुणी? फाल्गुन अमावास्येला, तर अमावास्या कुठल्या शहरातली धरायची? तारीख ठरल्याशिवाय महासंघाला कागद ताब्यात घेता येईनात. तारीख ठरवायला चर्चा हवी, चर्चा छापायला मासिक हवं आणि मासिक काढायला मंडळ हवं. तेव्हा हा प्रश्न सुटेपर्यंत काम चालू ठेवावं, असं महासंघानं वैतागून कळवलं. मंडळ जिवंत असताना जितकं कधी चाललं नव्हतं, तितकं ते मेल्यावर चाललं. सर पुन्हा बोलू लागले. पण तारखांवरून डोकं न फुटण्याचं ते लाडकं वाक्य त्यांनी परत कधी म्हटलं नाही.

त्या पावसाळ्यात प्रोफेसरांची आई गेली. कागदावर ते आता भारतीय झाले होते. त्यांना जाता आलं नाही. दादरच्या चर्चमध्ये आईसाठी प्रार्थना झाली तेव्हा सर शेवटच्या बाकापाशी टोपी हातात घेऊन होते. गुडघे कधी टेकायचे ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते सगळा वेळ उभेच राहिले.

तारखेचा वाद चार वर्षं पुरला. नवं राज्य होणार हे नक्की झालं होतं, चाळीत पताका करायला घेतल्या होत्या, त्या चैत्रात सर गेले. पहाटे उठून पाणी प्यायले, पुन्हा आडवे झाले आणि गेले. परदेशातून पत्रं आली. तिकडच्या एका तरुण विद्वानानं पेटी सन्मानानं घेऊन जायची तयारी दाखवली. सरांनी ठेवलं तसं मंडळ आम्ही परत केलं. शिक्का पुसून वर ठेवला.

पेटी गेली त्या दिवशी काकूंनी मला थांबवून घेतलं. भटजींना वर्षश्राद्धाची तिथी सांगायची होती. आता हे सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी दोन पंचांगं काढली. सर गेले ती वेळ नेमकी दोन तिथींच्या सीमेवरची होती. जुन्या गणितानं त्रयोदशी अजून संपली नव्हती, नव्या गणितानं चतुर्दशी लागली होती. कोपऱ्यात, पेटीच्या जागी, गोधड्या जमिनीवर होत्या. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, ‘काकू, यात दोन मतं आहेत.’

‘मतं नकोत,’ काकू म्हणाल्या. ‘मंडळाचं मरण तुम्ही दोघांनी वर्षानुवर्षं लांबवलंत, ते चाललं. ह्यांचं लांबवू नका, मास्तर. मला एक दिवस सांगा.’

मी एक दिवस सांगितला. तो बरोबर होता का, ते मी पुन्हा कधी तपासलं नाही.